विमान रद्द झाले आणि व्हिसाचे दिवसही संपले

परदेशच्या सहलीची आखणी करताना आपण मुंबईकर जाण्याच्या दिवसाचा जेवढा विचार करतो, त्याच्या निम्माही परतीच्या दिवसाचा करत नाही. पहाटे सहार विमानतळावर उतरायचे, घरी जाऊन अंघोळ करायची आणि जमल्यास त्याच दिवशी ऑफिस गाठायचे, असा आपला हिशेब असतो. तो चुकला तर फार तर एखादी रजा वाढेल आणि चार पैसे जास्त खर्च होतील, अशी बहुतेकांची समजूत असते. ज्यांच्या पासपोर्टला युरोपात व्हिसा लागत नाही, त्यांच्यापुरती ती खरी आहे. आपल्यापुरती नाही. आपल्या व्हिसावर वास्तव्याचे दिवस मोजून दिलेले असतात, आणि सहल कंपन्या व आपण स्वतः मिळून त्यातला शेवटचा दिवस परतीच्या विमानाला देऊन टाकतो. ही पद्धत बंद झाली पाहिजे, असे माझे मत आहे. ते कशामुळे झाले, ते सविस्तर लिहिते.

२०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस माझे पती, मी आणि माझ्या सासूबाई इटलीहून परतत होतो. रोमहून निघून युरोपातल्याच एका मोठ्या विमानतळावर विमान बदलायचे होते आणि तिथून थेट मुंबई. तिघांचे तिकीट एकाच आरक्षणावर होते. शेंगेन देशांत, म्हणजे आपसांतल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, फिरताना सीमेवर शिक्के पडत नाहीत. बाहेर पडण्याचा शिक्का तेव्हा शेवटच्या विमानतळावर पडत असे. त्याप्रमाणे तो आमच्या पासपोर्टांवर पडला, सासूबाईंची व्हीलचेअर गेटजवळ आली आणि फलकावर मुंबईच्या विमानापुढे अर्ध्या तासाचा उशीर झळकला. मग आणखी पाऊण तासाचा. तांत्रिक दुरुस्ती चालू असल्याचे सांगण्यात आले. असा तुकड्यातुकड्यांनी वाढणारा उशीर विमान रद्द होण्याची पूर्वसूचना असू शकतो, कारण वैमानिक आणि केबिन क्रूच्या कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा असते. दुरुस्ती संपेपर्यंत ती मर्यादा ओलांडली जाणार असेल, तर विमान ठणठणीत होऊनही उडत नाही. आमचे तसेच झाले. मध्यरात्रीच्या थोडे आधी विमान रद्द झाल्याची घोषणा झाली आणि अडीच-तीनशे माणसे एकाच काउंटरकडे वळली.

इथपर्यंतचा त्रास कोणालाही होऊ शकतो आणि त्याची तक्रार करण्यासाठी मी हे लिहीत नाही. युरोपीय महासंघाचा २००४ सालचा २६१ क्रमांकाचा नियम अशा प्रसंगी प्रवाशाच्या बाजूने भक्कमपणे उभा राहतो. महासंघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या प्रत्येक विमानाला तो लागू होतो, मग विमान कंपनी कोणत्याही देशाची असो. जेवण, हॉटेल, हॉटेलपर्यंतची वाहतूक आणि पुढची जागा देणे कंपनीवर बंधनकारक असते. कारण अपवादात्मक असले, तरी ही सोय टाळता येत नाही; २०१० साली आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातली उड्डाणे बंद पडली होती, त्या प्रकरणातही युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये हेच सांगितले. म्हणजे युरोपातून परतणारा मुंबईकर कायद्याच्या दृष्टीने बऱ्यापैकी सुरक्षित असतो. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम आहेत, रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून अधिक उशीर झाला तर हॉटेल द्यावे अशी तरतूदही त्यांत आहे, पण निव्वळ उशिरासाठी रोख भरपाई त्यांत नाही.

काउंटरवरच्या तरुणीने हॉटेलचे कागद तयार केले, पासपोर्ट चाळले आणि माझ्या पतीला इंग्रजीत सांगितले, की तुम्हा दोघांना बाहेर जाता येईल, यांना येणार नाही.

आम्हा दोघांचा युरोपचा प्रवास कामानिमित्त याआधी झालेला आहे. युरोपीय आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी व्हिसाचे वेगळे नियम केले. आधीच्या तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते नीट वापरले असतील, तर दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो. आम्हाला तो मिळालेला होता. सासूबाईंची मात्र ही पहिलीच युरोपवारी, त्यामुळे त्यांना एकाच प्रवेशाचा व्हिसा, तोही सहलीच्या कार्यक्रमाइतक्याच दिवसांचा. त्यांचा एकमेव प्रवेश वापरून झाला होता, बाहेर पडल्याचा शिक्का बसला होता आणि मंजूर दिवसांतला शेवटचा दिवस संपायला थोडाच वेळ उरला होता. एकाच घरातली, एकाच आरक्षणावरची तीन माणसे, आणि त्यातल्या सर्वांत वयस्कर माणसाने रात्र खुर्चीत काढायची.

सासूबाई गिरगावातल्या पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांनी आमच्याकडे पाहून शांतपणे सांगितले, "तुम्ही दोघे जाऊन झोपा. चाळीत पाणी यायची वाट बघत मी याहून जास्त रात्री जागवल्या आहेत." अर्थात आम्ही गेलो नाही. त्याच रांगेत ठाण्याच्या एक काकू होत्या. त्यांचे इन्सुलिन चेक-इन केलेल्या बॅगेत होते आणि विमान रद्द झाले तरी बॅगा परत मिळणार नव्हत्या. (सामानाच्या कक्षात इन्सुलिन गोठून निकामी होण्याचा धोका असतो, ते कायम हातातल्या पिशवीत हवे, हे सहलीपूर्वीच्या बैठकीत कोणी सांगत कसे नाही, याचे मला नवल वाटते.) त्यांच्यासाठी विमानतळावरचा डॉक्टर आला, पण तोही त्यांच्या मुलाने आवाज चढवल्यावर.

आता व्हिसाच्या स्टिकरकडे वळते, कारण तो बारकाईने वाचणारा माणूस मला आमच्या ओळखीत भेटलेला नाही. त्यावर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात. एक, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत व्हिसा वैध आहे. आणि दुसरी, त्या काळात तुम्हाला प्रत्यक्ष किती दिवस राहता येईल. एकाच प्रवेशाच्या व्हिसाच्या तारखांमध्ये साधारणपणे पंधरा दिवसांची सवलत धरलेली असते, त्यामुळे शेवटची तारीख परतीच्या तारखेच्या बरीच पुढे दिसते आणि माणूस निर्धास्त होतो. बंधन मात्र दिवसांच्या आकड्याचे असते, आणि पोहोचण्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस त्यात मोजले जातात. सासूबाईंच्या स्टिकरवरची तारीख अजून पुढची होती. संपले होते ते दिवस.

यातून सुटण्याचा मार्ग कायद्यातच आहे. शेंगेन व्हिसा संहितेच्या ३३ व्या कलमानुसार, प्रवाशाच्या आवाक्याबाहेरच्या कारणामुळे त्याला वेळेत निघता आले नाही, तर व्हिसाला विनाशुल्क मुदतवाढ देता येते. माझ्या पतीने फोनवर ते कलम शोधून काढले आणि सीमा पोलिसांच्या खिडकीशी जाऊन विमान रद्द झाल्याचे लेखी पत्र दाखवले. ते पत्रही कंपनीने आपणहून दिलेले नव्हते, मागून घ्यावे लागले होते. खिडकीतल्या अधिकाऱ्याने वरिष्ठाला बोलावले, वरिष्ठाने बराच वेळ कुठेतरी दूरध्वनी केले, शेवटी बाहेर पडल्याचा शिक्का रद्द झाला आणि मुदतवाढीचे स्टिकर लागले. दोन्ही अधिकारी शेवटपर्यंत सौजन्याने वागले. आम्ही हॉटेलात पोहोचलो तेव्हा उजाडत आले होते.

विमान कंपनीकडून माझी जी अपेक्षा आहे, ती इथे आहे. आपण ज्यांना मुंबईला नेणार आहोत, त्यातले बहुसंख्य भारतीय पासपोर्टवर प्रवास करतात, हे तिला तिकीट विकतानाच माहीत असते. तरीही रद्द झालेल्या विमानाच्या प्रवाशांपुढे ती केवळ हॉटेलचे कागद ठेवते आणि हॉटेलकडे जाणारे दार त्यांच्यासाठी उघडणार आहे की नाही, याची चौकशी करत नाही. सीमा पोलिसांशी बोलून सर्वांची एकत्र सोय लावणे हे कंपनीच्या विमानतळावरच्या माणसाचे काम आहे. पासष्टी-सत्तरीतल्या प्रवाशाने मध्यरात्री कलमे शोधत बसावे, ही अपेक्षा कोणत्याही मापाने योग्य नाही. ज्यांच्याबरोबर इंग्रजी बोलणारी मुले नव्हती, असे चार-पाच ज्येष्ठ त्या रात्री गेटजवळच्या खुर्च्यांवरच झोपले.

पण कंपन्या सुधारण्याची वाट पाहण्यापेक्षा आपल्या हातातली गोष्ट सोपी आहे: परतीनंतरचे दोन-तीन दिवस व्हिसात आधीच मागून घ्यायचे. अर्जात लिहिलेला कार्यक्रम, तिकिटे आणि विम्याच्या तारखा पाहून दूतावास दिवस ठरवतो. व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो आणि आपण तोही परतीच्या तारखेपर्यंतच काढतो, कारण पुढच्या दोन-तीन दिवसांचे थोडे जास्त पैसे आपल्याला उधळपट्टी वाटतात. लाखो रुपयांच्या सहलीत ही काटकसर मला आता समजत नाही. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमांवर शिक्क्यांची जागा संगणकीय नोंद घेऊ लागली आहे. मुक्काम किती दिवस लांबला, हे आता यंत्र आपोआप मोजते, आणि त्या नोंदीमागचे कारण पुढच्या व्हिसाच्या वेळी आपल्यालाच समजावून सांगावे लागणार.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगते. मे महिन्यात मुंबईकडे येणारी विमाने शाळांच्या सुट्टीमुळे भरलेली असतात, त्यामुळे आम्हाला जागा मिळाली ती आखाती देशातून फिरून येणारी. टर्मिनल दोनच्या पट्ट्यावर तीनपैकी एक बॅग आलीच नाही. तिची लेखी नोंद करूनच आम्ही बाहेर पडलो, आणि ती नोंद विमानतळ सोडण्यापूर्वीच करावी, असे मी सर्वांना सांगेन. उशिरा मिळालेल्या सामानाची तक्रार मिळाल्यापासून एकवीस दिवसांत आणि नुकसानीची सात दिवसांत लेखी द्यावी लागते, अशी मुदत माँट्रियल करारात आहे आणि भारत २००९ पासून त्या कराराचा भाग आहे. बॅग नंतर घरी आली, एक चाक गमावून.

भरपाईसाठी आम्ही अर्ज केला. साडेतीन हजार किलोमीटरांहून लांबच्या प्रवासासाठी ती माणशी सहाशे युरो आहे आणि नेहमीचा तांत्रिक बिघाड हे अपवादात्मक कारण ठरत नाही, हे युरोपीय न्यायालयाने २००८ मध्येच स्पष्ट केले आहे. कंपनीने आधी पुढच्या प्रवासाची कुपने देऊ केली. प्रवाशाच्या सहीच्या संमतीशिवाय रोख रकमेऐवजी कुपने देता येत नाहीत, हे आम्ही कळवल्यावर पत्रव्यवहार लांबला, पण शेवटी रक्कम खात्यात जमा झाली.

सासूबाईंना आता ऑस्ट्रिया पाहायचे आहे. या वेळी त्यांचा विमा परतीच्या तारखेच्या पुढेपर्यंत काढला आहे आणि अर्जासोबतच्या पत्रात जास्तीचे दिवस मागून त्याचे कारणही लिहिले आहे. कागद तपासणाऱ्या मुलीने तारखा जुळत नसल्याचे सांगून विमा बदलून आणायला सुचवले, तेव्हा सासूबाईंनी पिशवीतून विमान रद्द झाल्याचे ते पत्र आणि मुदतवाढीच्या स्टिकरची छायाप्रत काढून तिच्यापुढे ठेवली. तिने दोन्ही कागद वाचले आणि अर्जाला जोडून घेतले.