‘सीके ७ पॉझिटिव्ह’ म्हणजे सातवा टप्पा नव्हे

माझ्या आत्याच्या मानेतल्या गाठीचा बायोप्सी अहवाल आल्यापासून त्या घराची झोप उडाली आहे. त्यात गेल्या आठवड्यात त्यांच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर एक लांबलचक संदेश आला. आतेभावाने तो माझ्याकडे पाठवून विचारले, “ताई, डॉक्टर आणखी एक तुकडा काढायचा म्हणतात. तो न काढता नुसते रक्त तपासले तर चालेल का?” मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि असे अहवाल लिहिणे हेच माझे रोजचे काम आहे. त्यामुळे हा संदेश वाचून माझा संयम सुटला, हे लपवण्यात अर्थ नाही.

संदेशातले दावे थोडक्यात असे आहेत. केराटिन हे कर्करोगाचे प्रथिन असून अहवालात ‘सीके पॉझिटिव्ह’ (सीके म्हणजे सायटोकेराटिन, पेशीतले केराटिन) असे आले की रोग शरीरभर पसरला आहे असे समजावे, आणि ‘सीके’पुढचा आकडा हा रोगाचा टप्पा असतो. रक्तातले केराटिन मोजले की कोणताही कर्करोग कळतो, त्यामुळे बायोप्सी करू नये, कारण सुई लागली की रोग पसरतो. केसाच्या एका तारेवरून स्तनाचा कर्करोग ओळखणारी चाचणी शास्त्रज्ञांनी शोधली होती, पण ती दडपली गेली. पार्लरमधले केराटिन रक्तात जाऊन कर्करोग होतो. आणि शेवटी उपाय म्हणून बायोटिनच्या, म्हणजे बी गटातल्या एका जीवनसत्त्वाच्या, गोळ्या.

केराटिन हे कर्करोगाचे प्रथिन नाही. त्वचा, अन्ननलिका, आतडे, श्वासनलिका, स्तनातील दुग्धनलिका, मूत्राशय अशा सर्व आवरण-पेशींच्या आत केराटिनच्या तंतूंचा सांगाडा असतो आणि तो पेशीला ताण सोसण्याचे बळ देतो. माणसाच्या जनुकसंचात केराटिनची चोपन्न कार्यक्षम जनुके आहेत, आणि कोणत्या अवयवाच्या पेशी त्यांतली कोणती वापरतात हे बऱ्याच अंशी ठरलेले असते. जर्मनीतील रोलांड मोल, वेर्नर फ्रांके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली माणसाच्या एकोणीस सायटोकेराटिनांची यादी प्रसिद्ध केली. त्यांनी क्रमांक दिले ते प्रथिनांच्या विद्युतभारावरून आणि आकारमानावरून: आम्लारी व उदासीन गटाला १ ते ८, आम्लधर्मी गटाला ९ ते १९. विसावे केराटिन नंतर सापडले. ‘सीके ७’मधला सात हा त्या यादीतला अनुक्रमांक आहे. कर्करोगाचे टप्पे साधारणपणे चारच मानले जातात, हे तरी संदेश लिहिणाऱ्याने पाहायला हवे होते.

निदानासाठी केराटिन उपयोगी पडते ते एका साध्या कारणाने. पेशी कर्करोगी झाली आणि मूळ अवयव सोडून दूर जाऊन वसली, तरी ती बहुधा आपली जुनी केराटिने घेऊनच जाते. माणूस मुंबईला स्थायिक झाला तरी आडनाव सांगलीकरच राहावे, तसे हे आहे. त्या आडनावावरून मूळ गाव कळते, माणूस चोर आहे की साव हे कळत नाही. निरोगी फुप्फुसातल्या पेशींतही सीके ७ असते आणि निरोगी आतड्यातल्या पेशींतही सीके २० असते. म्हणून ‘पॉझिटिव्ह’ या एका शब्दावरून काहीच ठरत नाही. कोणत्या ठिकाणच्या, कशा दिसणाऱ्या पेशीत ते केराटिन सापडले, यावर सारे ठरते.

मानेतली लसिका ग्रंथी हेच उदाहरण घेऊ. तिथल्या लिम्फोसाइट पेशींत (या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) केराटिन नसते. त्यामुळे त्या ग्रंथीत केराटिन असलेल्या विचित्र पेशींचे पुंजके दिसले, तर त्या बाहेरून आल्या असाव्यात असे म्हणायला आधार मिळतो, आणि हा लसिकेचा कर्करोग नसून दुसऱ्या अवयवातून आलेला आहे असा निष्कर्ष निघू शकतो. दोन्हींचे उपचार पूर्णपणे वेगळे असल्यामुळे हा फरक फार मोलाचा आहे. पुढचा प्रश्न असतो तो कोणत्या अवयवाचा. त्यासाठी सीके ७ आणि सीके २० ही जोडी वापरतात. २००० साली ‘मॉडर्न पॅथॉलॉजी’ या नियतकालिकात ४३५ गाठींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि आमच्या क्षेत्रात त्याचा दाखला आजही दिला जातो. त्यात मोठ्या आतड्याच्या जवळजवळ सर्व कर्करोगांत सीके २० सापडले. सीके ७ बहुसंख्य कर्करोगांत होते, पण मोठे आतडे, प्रोस्टेट आणि मूत्रपिंड हे त्याला मोठे अपवाद होते. म्हणजे ‘सीके ७ पॉझिटिव्ह, सीके २० निगेटिव्ह’ असे वाचले की पॅथॉलॉजिस्टचे लक्ष फुप्फुस, स्तन, बीजांडकोश यांच्याकडे जाते. तिथून पुढे टीटीएफ-१, गाटा-३ असे आणखी मार्कर, म्हणजे पेशीची ओळख पटवणारी प्रथिने, लावून शोध अरुंद करत न्यावा लागतो. काही सार्कोमांतही (हाडे, स्नायू, चरबी अशा ऊतींच्या कर्करोगांतही) केराटिन सापडते आणि काही गाठी नेहमीच्या जोडीच्या उलट वागतात, म्हणून एका मार्करवर निदान करणारा पॅथॉलॉजिस्ट शहाणा समजला जात नाही.

पॉझिटिव्ह म्हणजे वाईट आणि निगेटिव्ह म्हणजे चांगले, हा संदेशातला हिशेब तर प्रोस्टेटच्या बायोप्सीत पार उलटा होतो. निरोगी प्रोस्टेटच्या ग्रंथींभोवती तळपेशींचा एक थर असतो आणि त्या थरातली जड केराटिने रंगवून दाखवता येतात. कर्करोगी ग्रंथींभोवती तो थर नसतो. म्हणून संशयास्पद ग्रंथींभोवती हे केराटिन ‘निगेटिव्ह’ आले, तर तेच चिंतेचे लक्षण ठरते. असा अहवाल वाचून एखाद्या घरात पेढे वाटले गेले, तर त्याचे पाप या संदेशाच्या माथी येईल.

आता सर्वांत घातक दाव्याकडे येते: रक्त तपासा, बायोप्सी टाळा. यात सत्याचा एक कण आहे आणि तो मान्य करायलाच हवा. पेशी मरते तेव्हा केराटिनचे तुकडे रक्तात येतात. सीके १९चा असा तुकडा मोजणारी ‘सायफ्रा २१-१’ ही चाचणी खरी आहे आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या काही प्रकारांत तिचा उपयोगही होतो. निदान आधीच झालेल्या रुग्णाचा उपचार लागू पडतो आहे का, रोग उलटला आहे का, हे पाहताना आकड्यांचा चढउतार डॉक्टरांना मदत करतो. पण हा आकडा मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसातही वाढतो आणि कर्करोग नसलेल्या फुप्फुसांच्या काही आजारांतही वाढतो. नमुन्यात लाळेचा अंश मिसळला तरी तो भलताच वर जातो. उलट लहान गाठ असलेल्या रुग्णात तो अगदी सामान्य येऊ शकतो. ज्या चाचणीत निरोगी माणूस घाबरतो आणि आजारी माणूस निर्धास्त होतो, ती बायोप्सीची जागा कशी घेणार?

मुळात रक्तात तरंगणारा तुकडा आपण कुठून आलो हे सांगत नाही. सीके १९ फुप्फुसात असते, स्तनात असते, स्वादुपिंडात असते, पित्तनलिकेत असते. ऊतीच्या तुकड्यात पॅथॉलॉजिस्टला पेशीचा आकार, तिची रचना, शेजारच्या पेशी आणि केराटिनचा रंग असे सारे एकत्र दिसते. रक्ताच्या नळीत त्यातले काहीच उरत नाही, उरतो तो फक्त एक आकडा. शिवाय फुप्फुसाच्या कर्करोगात आज उपचाराची दिशा ईजीएफआर, एएलके यांसारख्या जनुकांतल्या बदलांवर ठरते आणि या तपासण्यांसाठी प्रामुख्याने त्याच तुकड्याचा मेणातला ब्लॉक लागतो. ईजीएफआरचा बदल कधी कधी रक्तातील डीएनएमध्येही सापडतो हे खरे, पण ती चाचणी वेगळी आहे, केराटिनशी तिचा संबंध नाही आणि तिथेही ‘सापडले नाही’ या उत्तरावर विसंबता येत नाही. डॉक्टर दुसरा तुकडा मागतात तेव्हा अनेकदा कारण हे असते की पहिल्या तुकड्यातली ऊती मार्करांच्या तपासण्यांत संपलेली असते. आतेभावाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच ‘चालणार नाही’ असे आहे. निदानाबद्दल शंका असेल तर स्लाइड आणि ब्लॉक घेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत घ्यावे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक तपासून मत दिले जाते.

रक्तातल्या कर्करोगी पेशी केराटिनवरून ओळखणारे एक तंत्र अमेरिकेत २००४ सालापासून मान्यताप्राप्त आहे आणि संदेशात त्याचा पुसट उल्लेख आहे. त्यात सीके ८, १८ आणि १९ असलेल्या पेशी मोजतात. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात साडेसात मिलिलिटर रक्तात अशा पाच किंवा अधिक पेशी आढळल्या, तर रोगाचा पुढचा प्रवास कठीण असण्याची शक्यता जास्त असते. ज्यांचे निदान झालेले आहे त्यांच्यासाठीचे हे तंत्र आहे, निदान करण्यासाठीचे नव्हे.

सुईने रोग पसरतो का? अगदीच कधी नाही, असे मी म्हणणार नाही. यकृताच्या कर्करोगात सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणे आहेत, म्हणून तिथे स्कॅनवरूनच निदान पक्के होत असेल तर डॉक्टर स्वतःहून बायोप्सी टाळतात. वृषणाच्या गाठीतही अंडकोशातून सुई घालत नाहीत. म्हणजे धोका कुठे आहे हे वैद्यकाला ठाऊक आहे आणि तिथे वाट बदललेली आहे. त्या मोजक्या जागांवरून मानेतल्या गाठीचा तुकडाही काढू नये असे सांगणे म्हणजे रुग्णाचे हातातले आठवडे घालवणे आहे.

केसाच्या चाचणीची गोष्ट मात्र खरोखर घडलेली आहे, फक्त शेवट बदलून सांगितली गेली आहे. व्हेरोनिका जेम्स या ऑस्ट्रेलियातील संशोधिकेने सहकाऱ्यांसह १९९९ साली ‘नेचर’मध्ये लिहिले की स्तनाचा कर्करोग असलेल्या स्त्रियांच्या केसांतून क्ष-किरण गेल्यावर विवर्तनाच्या, म्हणजे किरण विखुरून उमटणाऱ्या, आकृतीत एक वेगळे कडे दिसते. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, फ्रान्समधील संशोधकांनी प्रयोग पुन्हा करून पाहिल्याचे आणि कर्करोगाशी त्या कड्याचा संबंध न आढळल्याचे कळवले. जगातल्या नावाजलेल्या नियतकालिकात छापून आलेला शोध, त्याच पानांवर इतरांनी तपासला आणि तो टिकला नाही. यात दडपले काय? शिवाय केसातली केराटिने ही आवरण-पेशींतल्या केराटिनांहून वेगळ्या जनुकांची असतात. सीके ७ आणि केसाची तार यांची सांगड घालणाऱ्याने दोन वेगळ्या गोष्टी एका नावाखाली कोंबल्या आहेत.

पार्लरमधले केराटिन रक्तात जात नाही. ते केसाला चिकटते आणि धुण्याबरोबर निघून जाते. तरीही हा दावा मी पूर्ण खोडून काढू शकत नाही, याचा मला रागच येतो. केस सरळ करणाऱ्या अशा काही द्रावणांत फॉर्माल्डिहाइड असते किंवा तापवल्यावर ते त्यातून बाहेर पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाने २०११ साली या द्रावणांबाबत सलूनमधील कामगारांसाठी इशाराही काढला होता. दोष वाफेतल्या रसायनाचा आहे आणि सर्वाधिक धोका गिऱ्हाइकापेक्षा बंद खोलीत रोज ती वाफ घेणाऱ्या मुलींना आहे. संदेशाला मात्र त्या मुली दिसलेल्या नाहीत.

राहिले बायोटिन. त्याने कर्करोग बरा होत नाही, एवढे म्हणून हा मुद्दा सोडून दिला असता. पण रक्तातील मार्कर मोजणाऱ्या काही यंत्रप्रणाली बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारे स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन यांच्या जोडणीवर चालतात. रुग्ण बायोटिनचे मोठे डोस घेत असेल तर अशा यंत्रांवरचे आकडे चुकतात, आणि सायफ्रासारख्या चाचणीत ते खोटेच खाली येऊ शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बायोटिनच्या या अडथळ्याबद्दल २०१७ साली जाहीर सूचना काढली होती. म्हणजे संदेशातली गोळी घेऊन संदेशातलीच चाचणी केली, तर आजारी माणसाचाही अहवाल चांगला येण्याची सोय या संदेशाने करून ठेवली आहे. केसांसाठी कुणी बायोटिन घेत असेल तर रक्त देण्यापूर्वी प्रयोगशाळेला सांगावे आणि ते किती दिवस बंद ठेवायचे हे डॉक्टरांना विचारावे.