लिंक दाबलो की ओ!

भाताची मळणी उरकली की आमच्या बेळगाव भागात साहित्य संमेलनांचा हंगाम सुरू होतो. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, गावोगावी ग्रंथदिंडी, लेझीम, फेटे आणि कविसंमेलन. आमचंही गाव मागं नाही. आणि संमेलन म्हटलं की स्मरणिका आली. ती दरवर्षी माझ्या गळ्यात पडते, कारण कमिटीत युनिकोड, म्हणजे मोबाईलवर-नेटवर सगळीकडं दिसणारं मराठी, टाइप करता येणारा मी एकटाच.

पूर्वी लेख वहीच्या कागदावर यायचे. एक तर बाजारच्या पिशवीतून, मेथीच्या जुडीखालून आला होता. म्हणून यंदा ठरलं की सगळ्यांनी थेट गूगल डॉक्समध्ये लिहायचं. 'डॉक्स डॉट न्यू' हा शॉर्टकट २०१८ पासून आहे. ब्राउझरात टाकला की कोरा कागद समोर. पण तो कागद ज्याच्या त्याच्या 'माझा ड्राइव्ह'मध्ये, म्हणजे गूगलवरच्या स्वतःच्या कपाटात, जाऊन पडतो. आठवडाभर ज्याला विचारावं तो म्हणे, "लिहून ठेवलोय की ओ." कुठं ठेवलाय? "त्यातच."

मग मी पक्की लिंक केली. ड्राइव्हमध्ये स्मरणिकेचा फोल्डर उघडला की वरच्या पत्त्यात 'फोल्डर्स' शब्दानंतर तीसेक इंग्रजी अक्षरा-आकड्यांची माळ दिसते. ती उचलायची. 'डॉक्स डॉट गूगल डॉट कॉम', तिरकी रेघ, 'डॉक्युमेंट', तिरकी रेघ, 'क्रिएट', प्रश्नचिन्ह, 'फोल्डर', बरोबरचं चिन्ह आणि पुढं ती माळ. ही लिंक दाबली की नवा कागद नेमका त्याच फोल्डरात जन्मतो. अट एकच, दाबणाऱ्याला फोल्डरात 'संपादक' म्हणून घेतलेलं असावं. (आमच्याकडं संपादकपद असं फुकट वाटलेलं कुणाला नको असतं? स्मरणिकेवर नाव छापून येईल का, अशी चौकशी लगेच दोघांनी केली.)

लिंक ग्रुपवर टाकली. चिटणीसकाका मात्र ती वहीत उतरवून घ्यायला घरी आले. चष्मा कपाळावर, पेन कानावर. "हे लहान एल की कॅपिटल आय ओ?" कॉपी-पेस्ट करायचं असतं म्हटलं, तर म्हणाले, "उद्या तुझा मोबाईल बिघडला तर? वही बिघडत नाही."

ह्या लिंकचा स्वभाव फार आज्ञाधारक. जितक्यांदा दाबाल तितक्यांदा नवा कागद. आणि आमच्या माणसांचा स्वभाव असा की दाबून बघितल्याशिवाय विश्वास बसत नाही. रात्री फोल्डर उघडला तर कागदांची जत्रा भरलेली. एकात 'हॅलो'. एकात 'अ'. एकात 'चेक चेक माइक चेक'. ज्याचं खातं ज्या भाषेत, त्या भाषेत 'शीर्षकहीन': मराठीत, कन्नडमध्ये, इंग्रजीत. सरकारला इतकी वर्षं न जमलेलं त्रिभाषा सूत्र माझ्या फोल्डरात एका रात्रीत लागू झालं होतं.

एका कवींचा फोन आला. "काल अर्धी कविता लिहिलो होतो. आज परत लिंक दाबलो, तर कोरंच येऊलालंय की ओ! कविता कुणी खाल्ली?" लिंक ही फक्त पहिल्यांदा कागद मिळवायला, पुढच्या वेळी फोल्डरात जाऊन आपला कागद शोधायचा, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि तिसऱ्या कागदावर कविता पहिल्यापासून लिहिली. तीही वेगळीच. कमिटीला तिन्ही आवडल्या.

हे सगळं झाडून काढावं म्हटलं, तर मालकी आडवी येते. फोल्डर माझा असला तरी कागद ज्यानं केला त्याचाच. मी फार तर फोल्डरबाहेर काढू शकतो. कायमचा पुसायचा तर त्यानंच पुसावा. 'अ' लिहिणाऱ्या गृहस्थांना विनंती केली. ते दुखावले. "सुरुवात केलोय, आणि तू पुसायला सांगूलालायस?"

एवढं करून सगळे लेख जमले, तर छापखानेवाले म्हणाले, युनिकोड चालत नाही, आमच्या फॉन्टात करून द्या. ते दुखणं वेगळं, त्यावर पुढं कधीतरी.

आता फक्त स्वागताध्यक्षांचं भाषण यायचं राहिलंय. काल त्यांचा निरोप आला, "लिंक पाठव, आत्ता दाबतो."

मी माणूस पाठवला.