भोक न पाडता फिशफाइंडर बसतो, पण या सात उपायांनी नाही

‘होडीला भोक पाडू नका! फिशफाइंडर बसवण्याचे सात रामबाण उपाय’ हा मजकूर सध्या बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. फिशफाइंडर म्हणजे पाण्याची खोली आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र. त्याचा आवाज सोडणारा भाग, ट्रान्सड्युसर, एरवी होडीच्या मागच्या फळीला स्क्रूने बसवतात, म्हणून भोकाचा प्रश्न येतो. मावसभावाने तो पाठवला आणि खाली विचारलं, ‘रविवारी ग्लू गनने चिकटवून टाकू का?’ त्याला एका शब्दात उत्तर दिलं, नको. त्याच्यासारखे आणखी बरेच जण रविवारी ग्लू गन घेऊन बसतील, म्हणून कारणं इथे सविस्तर देतो.

पहिलाच मुद्दा वाचून संताप आला. ‘भोक पाडलेली होडी कधीतरी बुडतेच, हरणी विसरलात का?’ बडोद्यातल्या हरणीच्या तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी होडी उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका दगावल्या. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. त्या दुःखाचा ४ मिमीच्या स्क्रूशी काहीही संबंध नाही. लोकांना घाबरवायला हे नाव वापरू नये, एवढंच सांगतो. आता त्यातलं जे अर्धं खरं आहे ते मान्य करायला हवं. फायबरच्या बऱ्याच होड्यांच्या मागच्या फळीत आत प्लायवुड असतं. स्क्रूचं भोक नीट सील केलं नाही, तर पाणी प्लायमध्ये मुरतं आणि फळी बाहेरून धडधाकट दिसत आतून कुजते. त्यामुळे भोक टाळण्याची इच्छा चुकीची नाही. उपाय चुकीचे आहेत.

सगळ्यात मोठी चूक दुसऱ्या मुद्द्यात आहे. ‘ट्रान्सड्युसर होडीच्या आत तळाला कुठेही चिकटवा. लाकूड, पत्रा, फायबर, सगळ्यातून चालतो. ग्लू गन, सिलिकॉन, एम-सील, काहीही वापरा.’ यातला प्रत्येक तुकडा तपासू या.

ट्रान्सड्युसर आवाज पाठवतो आणि परत आलेला ऐकतो. पाण्यात हा आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. पण पाण्याच्या आणि हवेच्या सीमेवर पोचला, की त्यातली ९९.९ टक्के ऊर्जा मागे फिरते. म्हणजे ट्रान्सड्युसर आणि पाणी यांच्यामध्ये कागदाएवढा हवेचा थर राहिला, तरी यंत्र आंधळं. लाकडाच्या रंध्रांत हवा असते, म्हणून लाकडी नावेच्या आतून हे चालत नाही. दुहेरी तळ किंवा मध्ये फोम असलेल्या होडीतही नाही, कारण फोम म्हणजे हवाच. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर आवाजाचा मोठा भाग पहिल्याच पृष्ठभागावरून परततो. आतून चालतो तो फक्त एकसंध, भरीव फायबरमधून, आणि तिथेही थोडी ताकद जातेच. तळ भरीव आहे की नाही, हे पाणी काढायच्या बुचाच्या भोकाच्या कडेला दिसतं. बूच काढून टॉर्च मारा. मध्ये लाकडाचा किंवा फोमचा थर असेल, तर आतून चिकटवायचा विचार सोडा.

आता गोंद. फिशफाइंडर बनवणाऱ्या हमिनबर्ड कंपनीच्या इन्स्टॉलेशन पुस्तिकेत हे स्पष्ट दिलंय: आतून बसवायचा तर सावकाश घट्ट होणारं दोन भागांचं इपॉक्सी वापरा. सिलिकॉन किंवा कुठलाही मऊ गोंद नको, कारण त्याने संवेदनशीलता कमी होते. पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सीही नको, कारण बुडबुडे बाहेर पडायच्या आत ते गोठतं. ग्लू गनची कांडी याच मऊ गोंदांच्या जातीची, वर मे महिन्याच्या उन्हात आणखी सैल पडणारी. एम-सील गळती थांबवायला उत्तम आहे, पण हाताने मळताना त्यात हवा मिसळते आणि तो पारदर्शक नसल्यामुळे आतला बुडबुडा दिसतही नाही.

बरोबर पद्धत अशी. आधी चाचणी घ्या. होडी पाण्यात असताना आतला तळ ओला करा, पातळ पॉलिथिनच्या पिशवीत पाणी भरून ट्रान्सड्युसर त्यात बुडवा, पिशवीतली हवा दाबून काढा आणि ती तळावर घट्ट टेकवा. आलेली खोली लिहून ठेवा. मग तोच ट्रान्सड्युसर होडीबाहेर पाण्यात धरून वाचन घ्या. दोन्हींत फार फरक आला, तर जागा बदला. जागा ठरली, की तिथला रंग १०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काढा, ॲसिटोनने पुसा, सुकू द्या. भोवती मातीची किंवा पुट्टीची छोटी कड करा, त्यात इपॉक्सी ओता आणि ट्रान्सड्युसर थोडा तिरका टेकवून, मग फिरवत फिरवत दाबा, म्हणजे बुडबुडे कडेने निघून जातील. हे काम सकाळी सहा-सातला करा. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी ४२ अंशांत सावकाश घट्ट होणारं इपॉक्सीसुद्धा घाईने घट्ट होतं आणि बुडबुडे आतच अडकतात. चोवीस तास हात लावू नका.

कायमचं चिकटवायचं नसेल तर ट्रान्सड्युसर सहज मावेल एवढा पीव्हीसी पाइपचा तुकडा इपॉक्सीने तळाला उभा बसवा, त्यात एरंडेल भरा आणि ट्रान्सड्युसर त्यात बुडवून टेकवा. एरंडेलात आवाजाचा वेग पाण्याच्या जवळपास असतो, म्हणून पाण्यात आवाजाने शोध घेणाऱ्या इतर उपकरणांतही ते भरतात. पाण्यासारखं ते उडून जात नाही, आणि गुजरातेत त्याची टंचाई कधीच नव्हती.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. आतून बसवल्यावर पाण्याचं तापमान कळत नाही, होडीच्या तळाचं कळतं. साइड इमेजिंग आणि डाउन इमेजिंग, म्हणजे बाजूचं आणि खालचं बारीक तपशिलाचं चित्र दाखवण्याची सोयही आतून चालत नाही.

तिसरा मुद्दा: ‘किचनमधल्या कटिंग बोर्डचा तुकडा इपॉक्सीने मागच्या फळीला चिकटवा, स्क्रू त्या बोर्डात मारा.’ कल्पना चांगली, वस्तू चुकीची. प्लास्टिकचा कटिंग बोर्ड बहुतेक वेळा पॉलिथिनचा असतो आणि इपॉक्सी पॉलिथिनला धरत नाही. पॉलिथिनच्या वाटीत इपॉक्सी कालवून सुकू दिलं, की दुसऱ्या दिवशी वाटी वाकवताच अख्खी चकती टणकन सुटून येते. बोर्ड तसाच सुटेल, तोही होडी वेगात असताना, ट्रान्सड्युसरसकट. पॉलिथिनच्या कयाकलाही याच कारणाने इपॉक्सी लावू नका. बोर्डाऐवजी १२ मिमी हायलमची, म्हणजे रेझिनमध्ये थर दाबून केलेली टणक शीट घ्या, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीकडे तुकडा कापून मिळतो. १५ बाय १० सेंमी पुरे. दोन्ही पृष्ठभाग घासा, कडांना इपॉक्सीचा हात द्या म्हणजे पाणी मुरणार नाही, आणि स्क्रूची भोकं चिकटवण्याआधी टेबलावरच पाडून ठेवा. स्क्रू शीटमध्ये ८ मिमीहून खोल जाऊ देऊ नका, नाहीतर तो फळीत घुसेल आणि सगळा खटाटोप वाया जाईल.

चौथा मुद्दा सक्शन कपचा. गुळगुळीत, स्वच्छ फायबरवर तो हळू वेगात धरतो, हे खरं. ‘कुठल्याही वेगाला चालतो’ हे खोटं: वेग दुप्पट झाला की पाण्याचा ओढ चौपट होतो. ‘कप सुटला तर ट्रान्सड्युसर हाताने पाण्यात धरा’ ही पुढची सूचना मात्र धोक्याची आहे. विश्वामित्री नदीत आणि आजव्याच्या जलाशयात मगरी आहेत, हे बडोद्यात शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. काठावरून हात पाण्यात सोडून बसायचं नाही. त्यापेक्षा २५ मिमीचा ॲल्युमिनियम पाइप घ्या, होडीच्या काठाला दोन सी-क्लॅम्पने आवळा, जबड्याखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घाला. ट्रान्सड्युसर तळापेक्षा ४-५ सेंमी खाली आणि स्पिरिट लेव्हलने सपाट असावा. पाइपला नायलॉनची दोरी बांधून ठेवा, आणि इंजिन जोरात चालवण्याआधी पाइप वर घ्या.

पाचवा: ‘उरलेली केबल कापली की सिग्नल वाढतो.’ वाढत नाही. बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारं आतलं आवरण, म्हणजे शील्ड, तुटतं आणि पडद्यावर कचरा येतो. जास्तीची केबल आठच्या आकड्यात सैल गुंडाळा. कापायचीच तर पॉवरची वायर कापा.

सहावा: ‘यूपीएसची बॅटरी थेट जोडा. फ्यूज लावू नका, व्होल्टेज पडतं.’ हे वाचून गप्प बसवत नाही. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची ती छोटी बॅटरी शॉर्ट झाली, तर १०० अँपिअरहून जास्त करंट सोडते. फिशफाइंडरची बारीक वायर क्षणात लाल होते, आणि शेजारी पेट्रोलची टाकी असते. यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेल्या क्षमतेचा फ्यूज लावा, छोट्या यंत्रांना तो बहुधा ३ अँपिअर किंवा त्याहून कमी असतो. तो बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून १५ सेंमीच्या आत हवा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरला काहीच संरक्षण नसतं. त्यावर पडणारं व्होल्टेज नगण्य असतं. यंत्र अर्धा अँपिअर घेत असेल, तर बॅटरी निम्मी वापरूनही सात तास चालते.

शेवटचा: ‘पडद्यावर दिसतो तेवढाच मासा पाण्यात असतो.’ नसतो. यंत्राला मुख्यतः माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून परतलेला आवाज ऐकू येतो. गोंदातला बुडबुडा ज्या कारणाने यंत्राला आंधळं करतो, त्याच कारणाने मासा दिसतो. कटला असो वा रोहू, पडद्याला जात कळत नाही. २० अंशांचा झोत १० मीटर खोलीवर साडेतीन मीटर रुंद होतो, त्यात मासा किती वेळ राहिला यावर खूण लांब की आखूड ते ठरतं. माशाचं चित्र दाखवणारी सोय बंद ठेवा आणि झोतातून जाणारा मासा पडद्यावर उमटवतो त्या कमानी बघायला शिका.

बसवून झाल्यावर टणक तळाच्या, ४ मीटर खोल पाण्यात जा. पडद्याची खोली हाताने १२ मीटरवर ठेवा आणि संवेदनशीलता वाढवत न्या. ८ मीटरवर तळाची दुसरी, फिकट रेघ उमटली, तर आवाज होडीतून नीट येतोय-जातोय. वाढवूनही उमटली नाही, तर ट्रान्सड्युसरखाली हवा राहिली आहे, ते इपॉक्सी काढून पुन्हा घासायला घ्या.