आयुष्यात स्वतःचा कल सापडलाय? लपवा!

तर मित्रांनो, आपल्याला नक्की काय करायचंय हे कळलंय का? अभिनंदन! आता ते कुणालाही सांगू नका.

मी सांगितलं. गेल्या रविवारी मावसबहिणीच्या साखरपुड्यात, पंगतीत जिलेबी फिरत असताना एका काकांनी विचारलं म्हणून खरं खरं सांगून टाकलं की हिंजवडीची नोकरी सोडली, मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढायला, म्हणजे त्याचा सूर घुमता करायला, शिकतोय. त्यामुळे हा सल्ला अनुभवाचा आहे.

सगळ्यात आधी, सरकारी कागदावर विश्वास ठेवू नका. 2016 ला आमच्या दहावीच्या बॅचपासून कल चाचणी सुरू झाली. माझा रिपोर्ट आला 'ललित कला'. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचला, नीट घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी सीईटीच्या क्लासची फी भरून आले. रिपोर्ट अजून आहे, एलआयसीच्या फायलीत.

आवड असावी, पण रविवारी चार ते सहा.

लग्न ठरेपर्यंत तर कल अजिबात सापडू देऊ नका.

नातेवाइकांनी "सध्या काय?" विचारलं की फक्त "आयटी" म्हणा. मनात इन्स्ट्रुमेंट ट्यूनिंग म्हणा हवं तर. मी गाढव, जवारी म्हणालो. काकांना ज्वारी ऐकू आलं. "शेती घेतलीस?" मग मी बसलो समजावत, की घोडीवर तार टेकते ती जागा कानशीने घासायची, केसभर जास्त घासली गेली की आवाज मेला, मग तारेखाली दोरा सरकवत सरकवत तो घुमणारा सूर शोधायचा... काका म्हणाले, "म्हणजे भोपळे घासतोस. पॅकेज काय?" अख्खी पंगत हसली. मावशी म्हणे, "अरे, एमपीएससी तरी दे." तरी! सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून पोरं पाच-पाच अटेम्प्ट घालवतात त्या परीक्षेला 'तरी'! रात्री दोनला क्लायंटला सॉरी सॉरी करत होतो तेव्हा मी सेटल होतो म्हणे, आता आठ तास झोपतो तर पोरगं वाया गेलं. एकोणिसाव्या शतकात मिरजेतले फरीदसाहेब हत्यारांना धार लावायचं काम सोडून वाद्यं बनवण्याकडे वळले, नशीब त्यांच्या पंगतीला हे काका नव्हते, नाहीतर 2024 ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तो काय धारेच्या दगडाला मिळाला असता?

जाऊ दे, उपरोध वगैरे मला जमत नाही. सरळच बोलतो. पगार निम्म्याहून कमी झालाय, माहितीय मला, खातं माझंच आहे. काळजी वाटत असेल तर बाजूला घेऊन विचारा ना, पाच मिनिटं नीट ऐका. समोर त्या पोराच्या आईचा चेहरा पडलाय, घास तिच्या हातातच राहिलाय आणि तुम्ही हसत हसत जिलेबी मागताय? लाज वाटली पाहिजे. एवढी मोठी झालेली माणसं तुम्ही.

मंगळवारी त्याच काकांचा फोन. मुलीची विशारदची परीक्षा आलीय, तंबोरा नीट बोलतच नाहीये, "तू घरचाच आहेस, जरा घासून दे की."

घेऊन या काका. पैसे पूर्ण लागतील. आणि त्याला जवारी म्हणतात. ज-वा-री.