मेलेला सरदार पुन्हा क्वेस्ट देतोच कसा?

तुमच्या गेममध्ये ज्या सरदाराच्या चितेला मागच्या अपडेटमध्ये मी अग्नी दिला, तोच नव्या क्वेस्टमध्ये, म्हणजे नव्या कामगिरीत, वेशीवर उभा राहून मला ‘परक्या वाटसरू’ म्हणतो! अरे गेमवाल्यांनो, तुमचीच गोष्ट तुम्ही वाचत नाही का? ‘वॉरक्राफ्ट’ या गेम-मालिकेच्या गोष्टीतही आधी एरेडार नावाच्या जमातीने सार्गेरस या टायटनला बिघडवलं होतं, ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या २००७च्या ‘द बर्निंग क्रूसेड’ या विस्तारात नेमकं उलट झालं. निदान तिथल्या लेखकाने चूक मान्य तरी केली. आमच्या खान्देशात कानबाई देवीच्या जागरणात कोणी गाण्यातलं कडवं मागेपुढे केलं, तर शेजारची आजी तिथल्या तिथे टोकते, ‘आसं नही वं माय!’ तुमच्या एवढ्या टीममध्ये असं टोकणारं एकही माणूस नाही? नवा नकाशा उशिरा आला तरी चालेल. आधी जुन्या क्वेस्ट वाचा.