बाधा नक्की कोणाला झालीय, ते आधी ठरवा

गे मुलगा, देवभोळं घर आणि भूत. एवढ्या सामानावर हॉरर शॉर्टफिल्म लिहायला बसलेल्या ठाण्या-नवी मुंबईतल्या सगळ्यांसाठी ही पोस्ट आहे. लांब आहे. सेव्ह करून ठेवा आणि स्क्रिप्ट पक्की करायच्या आधी एकदा वाचा.

देवऋषी आला, लिंबू उतरवलं, भूत पळालं, पोरगा ‘माणसात आला’ असा शेवट लिहिला असेल, तर तो आजच्या आज काढा. हेतू कितीही चांगला असो. आधीच्या वीस मिनिटांत मुलाच्या बाजूने कितीही संवाद घातलेले असोत. हॉरर बघताना प्रेक्षक संवादांवर विश्वास टाकत नाही, लागू पडलेल्या उपायावर टाकतो. ज्या उपायाने भूत जातं, तो त्या पिक्चरचा नियम. उतारा लागू पडला म्हणजे बाधा खरी होती. आणि बाधा कसली, तर पोराचं पोरावर प्रेम बसलं ही. तुम्ही तसं कुठे म्हटलं नसेल, पण पडद्यावर ते सिद्ध झालं.

ही गफलत जुनी आहे. हॉलिवूडमध्ये १९३४ पासून हेज कोडची, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं नाही याच्या नियमावलीची, कडक अंमलबजावणी सुरू झाली. समलिंगी माणूस उघडपणे दाखवता येईना, म्हणून तो रक्तपिपासूच्या रूपात शिरला. १९३६ च्या ‘ड्रॅक्युलाज डॉटर’मधली काउंटेस स्वतःच्या ओढीपासून सुटका मागायला चक्क मानसोपचारतज्ज्ञाकडे जाते. १९६८ मध्ये कोड गेला, सवय काही गेली नाही. १९८५ च्या ‘नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट २’मध्ये मुलाच्या अंगात फ्रेडी हे खुनी भूत शिरतं. पिक्चरभर ती बाधा त्याच्या लपवलेल्या ओढीसारखी वाचता येते, आणि शेवटी मुलीच्या चुंबनाने तो मोकळा होतो. तिथे उतारा म्हणजे मुलगी. आपल्याकडे ‘लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल’ म्हणतात, त्याचंच हे अमेरिकन रूप.

हा गुंता नीट सोडवलेलेही आहेत. नॉर्वेच्या ‘थेल्मा’मध्ये (२०१७) धार्मिक घरातल्या मुलीला मैत्रीण आवडू लागते, तिला झटके येतात, पक्षी खिडकीवर येऊन आदळतात. तिच्याकडे शक्ती आहे हे खरंच आहे. पण अंगावर काटा येतो तो डॉक्टर बाप तिला प्रार्थनेला बसवतो आणि औषधं देऊन गुंगीत ठेवतो तेव्हा. ‘फिअर स्ट्रीट’च्या तिसऱ्या भागात (२०२१) गोष्ट १६६६ सालात जाते. मुलीवर प्रेम करणाऱ्या मुलीला गाव चेटकीण ठरवून फासावर देतं, आणि सैतानाशी करार केलेला माणूस तिच्या ओळखीतलाच, भला वाटणारा निघतो. दोन्हीकडे लेखकाने आधी एक गोष्ट ठरवलेली दिसते: भीतीचा कॅमेरा कोणाकडे वळवायचा. प्रेमाच्या दृश्यात हिरवट लाइट, वाकडी फ्रेम, घरघरता आवाज लावायचा नाही. ते सगळं ‘उपचारां’साठी राखून ठेवायचं.

आता आपली भुतं बघा, कारण इथे मराठी लेखकाच्या हातात असं घबाड आहे की क्रॉस आणि पाद्री उसने आणायची काही गरज नाही. मुंजा कोण? मुंज झाली, पण सोडमुंज आणि लग्न व्हायच्या आत गेला तो. पिंपळावर राहतो. अळवंतीण कोण? बाळंतपणात गेलेली. समंध कोण? मूलबाळ नसताना गेलेला, ज्याचं क्रियाकर्म करायला मागे कोणी नाही. आपल्याकडे मेल्यानंतरचा हुद्दासुद्धा लग्न आणि मूल यांवर ठरतो! ज्या मुलाला रोज ‘वेळेवर लग्न केलं नाहीस तर तुझं कसं होणार’ असं ऐकवलं जातं, त्याला जिवंतपणीच मुंजा करून ठेवलेलं असतं. अविवाहित मेलेल्या ब्रह्मचाऱ्याचं आधी रुईच्या झाडाशी लग्न लावायचं आणि मग त्याला अग्नी द्यायचा, अशीही रीत होती. अर्कविवाह म्हणतात त्याला. मेलेल्याचीसुद्धा लग्नातून सुटका नाही. या एका विधीवर अख्खी फिल्म उभी राहील.

फक्त एक पथ्य पाळा. पिंपळावर बसून पोरांच्या मागे लागणारा वखवखलेला मुंजा लिहू नका. समलिंगी माणूस म्हणजे टपून बसलेला शिकारी, हाच जुना आरोप तुम्ही पुन्हा रंगवाल. मुंजा हवाच असेल तर त्याला काय सांगायचं आहे ते ठरवा. त्याच घरातला, पन्नास वर्षांपूर्वी ‘विहिरीत पाय घसरून’ गेलेला काका असू द्या, ज्याचा फोटो देवघराच्या भिंतीवर आहे पण नाव कोणी काढत नाही. असं भूत मुलाला धरत नाही, सावध करतं.

यावरून लिहिण्याचा एक नियम निघतो. बाबाचा प्रत्येक चमत्कार रसायनाने होऊ द्या आणि भुताच्या एकाही गोष्टीचा उलगडा करू नका. उलट झालं की बाबा जिंकतो.

लाल निघणारं लिंबू घ्या. जास्वंदीच्या पाकळ्या सुरीच्या पात्यावर चोळून वाळवायच्या किंवा मिथिल ऑरेंजचं पातळ द्रावण लावायचं. लिंबातलं आम्ल लागलं की रंग लाल होतो. कुठे फसतं तेही सांगतो. सुरी स्टेनलेस स्टीलची घ्या, लोखंडी विळीवर जास्वंदीचा रंग काळपटतो. सुकलेलं लिंबू रस सोडत नाही, म्हणून ते आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा आणि हाताखाली दाबून लोळवा. पात्याचा क्लोजअप घेऊ नका, वाळलेला थर दिसतो. वरून शॉट घ्या, खाली पांढरं ताट ठेवा, लाल उठून दिसतं. मिथिल ऑरेंज वापरलं तर ते लिंबू कोणाच्याही तोंडी जाणार नाही याची जबाबदारी एका माणसावर टाका. दुसरी युक्ती हळदीची. हळदीत भिजवून वाळवलेल्या पांढऱ्या कापडावर चुन्याची निवळी शिंपडली की तांबडे डाग उमटतात. हे कापडावरच करा. चुना डोळ्यांत गेला तर डोळा जायची वेळ येते, त्यामुळे नटाच्या अंगावर नाही.

हे दृश्य घडतं कुठे? ठाण्या-नवी मुंबईत ते वाड्यात घडत नाही. कळव्याच्या किंवा कोपरखैरण्याच्या वन बीएचकेच्या स्वयंपाकघरात घडतं. तिथे देवघर फ्रिजशेजारी असतं आणि देवऋषीला बसायला पाट टाकायचा तर आधी गॅस सिलिंडर सरकवावा लागतो. ती अडचण दाखवा, पळण्याची वाट त्यातच बंद होते. आई लिंबू मुलावरून सात वेळा उतरवते, आणि चौथ्या वेळेला फ्रिजवर ठेवलेला त्याचा मोबाईल थरथरतो. स्क्रीनवर ‘त्या’ मुलाचं नाव आहे. आईने ते वाचलंय. तिचा हात थांबत नाही. इथे भुताची गरजच नाही.

लाइट समईचाच वाटला पाहिजे, पण नुसत्या समईवर चेहरा वाचता येत नाही. पाच वाती लावा, समईमागे लपवून छोटा एलईडी ठेवा, त्यावर नारिंगी जिलेटीन (लाइटवर लावायचा रंगीत पारदर्शक कागद). व्हाइट बॅलन्स ३२०० ला ठेवला तर ज्योत उबदार राहते. लेन्स १.८ वर उघडी, आयएसओ १६०० पासून सुरुवात करून बघा. ट्यूबलाइट किंवा स्वस्त बल्ब फ्रेममध्ये असेल तर २५ फ्रेम आणि शटर १/५०, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. नाहीतर भिंतीवर पट्टे सरकताना दिसतील आणि एडिटमध्ये ते सहजी निघत नाहीत. धुरासाठी फॉग मशीन. पंखा, एसी बंद, दारं लावून पाच मिनिटं थांबा, म्हणजे धूर एकसारखा पसरतो आणि शॉटगणिक कमी-जास्त होत नाही. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये असाल तर स्मोक डिटेक्टरचं सोसायटीशी आधी बोलून ठेवा.

मिरचीची धुरी दाखवायची असेल तर मिरची जाळू नका, एकसुद्धा नाही. बंद खोलीत सगळ्या युनिटला ठसका लागतो आणि दमा असलेल्याला थेट दवाखान्यात न्यावं लागतं. विझलेल्या निखाऱ्यांवर मिरच्या ठेवा, धूर मशीनचा आणा, बाकीचं काम खोकल्यावर सोपवा. केस धरून ओढायचा सीन असेल तर ओढणारा केस ओढतच नाही. त्याची मूठ डोक्यावर नुसती टेकलेली असते, ज्याला ओढायचं तो दोन्ही हातांनी ती मूठ डोक्यावर दाबून धरतो आणि स्वतःच्या जोरावर सरकतो. वेग आणि दिशा त्याच्या ताब्यात राहते. दोरी बांधायची तर मागची गाठ वेल्क्रोची, आणि कात्री कॅमेऱ्यामागे एका ठरलेल्या माणसाच्या हातात. चाबूक शरीरावर पडूच नये. कॅमेरा अशा कोनात लावा की मधलं अंतर दिसणार नाही, आवाज मागून भरा. अंगात आल्यावरचं घुमणं पंधरा-वीस सेकंदांपेक्षा लांब घेऊ नका, मान धरते. १८ फ्रेमवर शूट करून २५ वर चालवलं की सावकाश घुमणंही भयंकर दिसतं. संबळ नंतर लावा.

ही सगळी छळाची यादी कल्पनेतून आलेली नाही. भूत उतरवायच्या नावाखाली दोरीने-साखळीने बांधणं, काठीने किंवा चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, केस उपटणं, चटके देणं, पादत्राणं भिजवलेलं पाणी पाजणं हे सगळं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिल्याच कलमात लिहिलेलं आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड ५,००० ते ५०,००० रुपये. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला, त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. तुमची फिल्म याच राज्यात घडते. पोलिस ठाण्यात जाणारं एखादं पात्र असू द्या, म्हणजे ‘यांना कोणी विचारणारच नाही’ हा खोटा समज पसरणार नाही.

पांढऱ्या कोटातल्या देवऋषीलाही सोडू नका. समलैंगिकतेवर ‘उपचार’ करतो म्हणणाऱ्या डॉक्टरचं वर्तन हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, हे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलेलं आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालातून ते पुढे आलं. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली १९९० मध्ये. आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना लागू होणारा भाग सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला रद्द केला. फिल्म १९९५ मध्ये घडवलीत तर मुलाच्या डोक्यावर कायद्याचीही टांगती तलवार होती, आणि २०२५ मध्ये घडवलीत तर ती धमकी चालणार नाही. बापाच्या तोंडी ‘पोलिसात देईन’ घालण्याआधी साल बघा.

देवाबद्दल माझं स्पष्ट मत आहे. मूर्तीकडे भीतीच्या कोनातून बघू नका. मुलगाही त्याच देवापुढे हात जोडून मोठा झालाय. त्याच्याकडून घरही जाणार आणि विठ्ठलही जाणार, ही खरी भीती आहे आणि ती कोणत्याही जंपस्केअरपेक्षा खोल जाते. नवसाला आणि कर्मकांडाला तुकोबांपासून गाडगेबाबांपर्यंत सगळ्यांनी झोडपलंय, आणि ते भक्तीच्या आतूनच. खरं मंदिर, खरा मठ, खऱ्या बुवाचं नाव वापरू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावण्याबद्दल आहे आणि तक्रार करायला लोक टपलेले असतात. १९९८ च्या डिसेंबरात दोन बायकांच्या प्रेमाच्या ‘फायर’ या पिक्चरवरून मुंबईत थिएटरं फोडली गेली होती. आणि जोगत्याला गे मुलाचा पर्याय म्हणून उभा करू नका. तो देवीला सोडलेल्या माणसाचा, त्याच्या लुगड्याचा आणि लिंगभावाचा वेगळा विषय आहे, त्याला वेगळी फिल्म लागेल.

थोडं लोकेशनबद्दल. येऊर सगळ्यांना हवं असतं, पण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतलं जंगल आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे कॅमेरा काढू नका. रुळांजवळच्या इमारतीत लोकल थांबल्या तरी मेल-एक्स्प्रेस रात्रभर धावतात, त्यामुळे प्रत्येक महत्त्वाचा संवाद दोनदा रेकॉर्ड करा. सोसायटीच्या बोर्डावर ‘आज रात्री शूटिंग आहे’ असा कागद लावा, किंकाळी ऐकून कोणी ११२ ला फोन केला तर त्यात शेजाऱ्यांची चूक नाही. संबळ-हलगी रात्री दहानंतर वाजवू नका, दिवसा वेगळी रेकॉर्ड करा.

शेवटच्या पाटीवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चार सेकंद तरी ठेवा, मोठ्या अक्षरात, काळ्यावर पांढरा. तिकीट लावून थिएटरात दाखवायची तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागेल, यूट्यूबला लागत नाही.

आणि आवाजाचं. स्वयंपाकघरातल्या सीनला फ्रिज बंद करून शूट करा, नाहीतर त्याची घरघर प्रत्येक कटला उडी मारते. गाडीच्या किल्ल्या फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे निघताना तो परत चालू करायचं विसरणार नाही. माणसं हलायच्या आधी एक मिनिट नुसत्या खोलीचा आवाज घ्या, फ्रिज बंद असताना एकदा आणि चालू असताना एकदा. देवऋषी निघून गेल्यावर आई ओटा पुसते, मुलगा जमिनीवरच्या लिंबाच्या फोडी उचलतो, दोघं एकमेकांकडे बघत नाहीत, त्या दृश्याला संगीत लावू नका. तिथे तो दुसरा, फ्रिज चालू असतानाचा आवाज वापरा.