‘शुद्धीवर आहे ना, मग खेळू दे’: नाही, खेळू देऊ नका

कबड्डीचा हंगाम आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. यंदा मला तो चार ग्रुपवर आला. थोडक्यात असा: "डोक्याला लागलं तरी पोरगा शुद्धीवर असेल तर घाबरू नका. तोंडावर पाणी मारा, कांदा हुंगवा, पाच मिनिटं बसवा आणि खेळू द्या. सीटी स्कॅन नॉर्मल आला की विषय संपला. हेल्मेट असेल तर धोकाच नाही. कन्कशन ही अमेरिकेची थेरं आहेत. आमच्या पिढीने डोकी आपटून घेतली, काय झालं?" माझ्या ओळखीच्या तीन प्रशिक्षकांनी तो पुढे पाठवलाय. त्यांच्या हाताखाली चौदा-पंधरा वर्षांची पोरं खेळतात, म्हणून हे लिहितोय.

"शुद्धीवर असेल तर घाबरू नका." यातलं सगळ्यात घातक वाक्य हेच आहे. कन्कशन म्हणजे डोक्याला हादरा बसून मेंदूला झालेली इजा. ती झालेल्या दहांतल्या नऊ खेळाडूंची शुद्ध जातच नाही. 2014 च्या फुटबॉल विश्वचषकाची अंतिम लढत आठवा. जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रामरला सतराव्या मिनिटाच्या सुमारास प्रतिस्पर्ध्याचा खांदा तोंडावर लागला. तो उठला आणि जवळजवळ पंधरा मिनिटं धावत राहिला. मग त्यानेच पंचांना विचारलं, ही फायनलच आहे ना? तेव्हा कुठे त्याला बाहेर काढलं.

असंच मी स्वतः बाकावर बसून पाहिलंय. आमचा एक चढाईपटू साखळीत सापडला आणि त्याचं कपाळ बचावपटूच्या गुडघ्यावर आदळलं. उठला, अंगावरची माती झटकली, चालत आला. "दादा, किती गुण झाले?" मी सांगितले. मिनिटभरात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो गुडघ्याचा पट्टा सोडून परत त्याच पायाला बांधत होता, आणि मागून आमचेच लोक म्हणत होते, बोलतोय की नीट, पाठवा आत! मी पाठवलं नाही. ‘मी ठीक आहे’ हे ज्या मेंदूने ठरवायचं, मार त्यालाच लागलेला असतो. म्हणून खेळायचं की नाही हे त्या खेळाडूला विचारायचंच नसतं.

"पाच मिनिटं बसवा." ऑगस्ट 2019 मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर आदळला. डॉक्टर हाताशी होते, चाचण्या झाल्या, त्यात तो पास झाला आणि पाऊण तासाने पुन्हा फलंदाजीला उतरून 92 वर बाद झाला. दुसऱ्या दिवशी मात्र डोकेदुखी आणि गुंगी जाणवू लागली. त्याच्या जागी उतरलेला मार्नस लाबुशेन हा कसोटीतला पहिला कन्कशन बदली खेळाडू. त्या दर्जाच्या तपासणीतूनही जे निसटलं, ते आपण कांद्याने पकडणार आहोत का? आणि भारताचे क्रिकेटपटू रमण लांबा तर आपलेच. 1998 साली ढाक्यात हेल्मेट न घालता शॉर्ट लेगला उभे होते, फटका डोक्याला लागला. तरी ते स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले. आत रक्तस्राव होत होता. तीन दिवसांनी ते गेले.

सीटी स्कॅनचं म्हणाल तर तो रक्तस्राव आणि कवटीचा तडा दाखवतो. त्यासाठी तो हवाच. कन्कशन मात्र मेंदूला बसलेला मुकामार आहे. डोक्याला झटका बसून ते गर्रकन फिरलं की आतला मेंदू मागे पडतो आणि त्याचे तंतू ताणले जातात. पेशींमधल्या क्षारांचा तोल बिघडतो. तो सावरायला पेशींना जास्त ऊर्जा लागते आणि नेमका तेव्हाच रक्तपुरवठा घटलेला असतो. यातलं काहीच स्कॅनवर उमटत नाही. या अवस्थेत दुसरा फटका बसला तर, विशेषतः कोवळ्या वयात, मेंदूला झपाट्याने सूज येऊन जीव जाऊ शकतो. हे क्वचित घडतं, पण घडतं.

हेल्मेट कवटी वाचवतं, ते घालायलाच हवं. पण डब्याला कापड गुंडाळलं म्हणून आतलं दही हिंदकळायचं थांबत नाही. ऑस्ट्रेलियाचा विल पुकोव्हस्की हेल्मेट घालूनच खेळायचा. वारंवारच्या कन्कशनमुळे 2025 मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, त्याला क्रिकेट सोडावं लागलं.

राहिला "अमेरिकेची थेरं" हा मुद्दा. अमेरिकन फुटबॉलपटू माइक वेबस्टर 2002 मध्ये वारला आणि डॉ. बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत झिजेचा आजार सापडला, हे खरं. पण इंग्लंडला 2003 चा रग्बी विश्वचषक जिंकून देणाऱ्या संघातल्या स्टीव्ह थॉम्पसनला चाळिशीच्या सुरुवातीलाच स्मृतिभ्रंशाचं निदान झालं, आणि तो अंतिम सामना जिंकल्याचं त्याला आठवत नाही. बोस्टनमध्ये तपासलेल्या, एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या 111 माजी खेळाडूंच्या मेंदूंपैकी 110 मध्ये वेबस्टरचाच आजार दिसला. हे मेंदू बहुतेक शंका आलेल्या कुटुंबांनी दान केलेले होते, त्यामुळे प्रत्येक खेळाडूचं असंच होतं असं म्हणता येत नाही. एकदा डोकं आपटलं म्हणून म्हातारपणी विस्मरण ठरलेलंच, असंही नाही. पण "आमच्या पिढीला काय झालं" हे कोणी मोजलंय? जे काका पन्नाशीत चिडचिडे झाले, विसरू लागले, त्यांच्या खेळाची नोंद कुठल्या डॉक्टरने घेतली?

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. पोराला आठवडाभर अंधाऱ्या खोलीत कोंडायची गरज नसते. एक-दोन दिवस बेताची विश्रांती, मग हलकं चालणं, मग टप्प्याटप्प्याने सराव. एकेका टप्प्याला किमान एक दिवस, त्रास वाढला तर मागचा टप्पा. आधी शाळा सुरळीत व्हावी, आणि पकडी-चढाया डॉक्टरांनी होकार दिल्यावरच. उलट्या, वाढती डोकेदुखी, आकडी, हातापायांतली कमजोरी, वाढती गुंगी, यातलं काहीही दिसलं तर तडक दवाखाना.

मैदानावर विचारायला हे पाच प्रश्न ठेवा: आपण कुठल्या मैदानावर आहोत? पहिला हाफ चालू आहे की दुसरा? शेवटचा गुण कोणी घेतला? मागचा सामना कोणाशी होता? तो जिंकलो का? एक चुकला तरी पोरगा बाहेर. पाचही बरोबर आले पण डोकं दुखतंय, गरगरतंय, मळमळतंय, तरीही त्या दिवसापुरता बाहेर. आमच्या चढाईपटूला मी यातला दुसराच प्रश्न विचारला होता. पहिला हाफ, म्हणाला. दुसऱ्याची चार मिनिटं उरली होती.